ळचं उजवं पोट

१२ सप्टेंबर

मामा,

नमस्कार. रागावणार तर आहातच, निदान शेवटपर्यंत वाचून रागवा.

गेल्या तीन पत्रांत तुम्ही आडून आडून एकच विचारताय, की रविवारी मी असते कुठे. कोणी मुलगा-बिलगा नाही. मी भिंतीवर अक्षरं काढते. फुगीर, गुबगुबीत, एकालाही कोपरा नाही असली अक्षरं. परवानगी नसते, तेव्हा तो प्रश्न विचारूच नका. दुपारची जेवणं झाली की सगळा भाग सुस्तावतो, तेव्हा जाते आणि दीड तासात परत येते.

पद्धत सांगते, म्हणजे पोरगी नुसत्या रेघोट्या मारते असं तुम्हाला वाटायला नको. आधी पातळ रेघेने आकार धरायचा. मग रोलरने आत डिस्टेंपर भरायचा, भराभर. मग स्प्रेच्या डब्याने जाड काळी कड, एका दमात, हात न थांबवता. शेवटी प्रत्येक अक्षराच्या गालावर एक पांढरा ठिपका, चमक म्हणून. शब्द एकच असतो, भोपळा. दुकानात मी रंगाच्या डब्यावर बसून राहायचे तेव्हा तुम्हीच ठेवलेलं नाव. इथे आता ते कोणाला ठाऊक नाही, त्यामुळे पकडली जायची भीती नाही.

तुम्ही म्हणाल, फ्लेक्सच्या दुकानात दिवसभर अक्षरंच तर असतात. असतात, पण ती कॉम्प्युटरमधून निघतात. मी फक्त बोटाने निवडते. आई गेल्यावर तुमच्या दुकानात कुंचला धरायला शिकले, आणि आता महिनोन्‌महिने माझ्या हातून एक रेघ निघत नाही. हात शिवशिवतात, मामा.

सोबत फोटो आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं दिसत नाही, म्हणून आमच्या मशीनवर छापून घेतला. कोपऱ्यात तारीख आपोआप येते, तिकडे लक्ष देऊ नका. भिंत विजेच्या सबस्टेशनच्या मागची आहे. लांबलचक, खिडकी नाही, समोर कोणाचं घर नाही. खोड काढल्याशिवाय तुम्हाला जेवण जात नाही, तेव्हा काढा.

तुमची भाची


२३ सप्टेंबर

चि. भोपळ्यास मामाचे आशीर्वाद, आणि कान पिरगाळून.

पस्तीस वर्षं मी त्याच शहरात पाट्या रंगवल्या. दवाखाने, शाळा, वकील, खाटीक, कोणाची म्हणून सोडली नाही. माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी चोरून भिंती रंगवते हे वाचून मी चहा तसाच ठेवला. फोटो पाहिला तर अक्षरांना गालगुंड झालेलं. शिरोरेघ कुठे गेली? कोणी विचारलं तर सांगू काय, की भाचीने रेघ विकून खाल्ली?

हे मंगळवारी लिहिलं आणि पत्र टाकलं नाही. आज शुक्रवार. तीन दिवस फोटो भिंगाखाली घेऊन बसलो होतो. खोटं कशाला बोलू, तुझा भ झकास आहे. शिरोरेघ नसली तरी अक्षरं एकमेकांच्या अंगावर अशी रेललीत की पडत नाहीत. कडेची रेघ कुठेही थांबलेली नाही. हे मी शिकवलेलं नाही, हे तुझं तू कमावलंस.

आता खोड. तुझ्या ळला दोन पोटं आहेत. डावं भरलेलं, टम्म. उजवं मात्र आखडलेलं, कोणीतरी कोपराने ढोसल्यासारखं. त्याच्या शेजारी तो कसला चौकोन आहे? पोस्टर आहे की कसलं चिटोरं? फोटोत करड्या डागापलीकडे काही दिसत नाही. जे काय असेल त्याला बिचकून तू अक्षर आत ओढलंस. उरलेल्या जागेत अक्षर कोंबायचं नाही, हे मी तुला दहा वर्षांची असताना सांगितलं होतं. एकतर ती भिंत सोड, नाहीतर पोट पूर्ण भर. मधे काय येतं ते बघू नकोस.

आणि पकडली जाऊ नकोस. माझ्यात धावपळ करायचं बळ नाही.

मामा


६ ऑक्टोबर

मामा,

भरलं. सोबतचा फोटो बघा आणि आता बोला.

रविवारी दुपारी गेले. जुनी कड वरून रंगवून टाकली, पोट बाहेर काढलं, वीस मिनिटांत डिस्टेंपर भरून नवी कड मारली. तुमचा तो चौकोन गेला पोटात. दोन्ही पोटं सारखी झाली की नाही ते भिंगातून मोजून सांगा. मागे सरून पाहिलं तेव्हा मला एकटीलाच हसू येत होतं. इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

गंमत म्हणजे मागच्या आठवड्यात पेपरात ‘शहराचं विद्रूपीकरण’ म्हणून चार भिंतींचे फोटो आले, त्यात दुसरी माझी. पण छापली ती आधीची, आखडलेल्या पोटाची. आठ दिवस कळ काढली असती तर त्यांना चांगलं अक्षर मिळालं असतं. मालकांनी तो पेपर माझ्यासमोर उघडला आणि म्हणाले, बघ कशी नासाडी करतात लोक. मी म्हटलं, हो ना.

भाची


१५ ऑक्टोबर

चि. भोपळ्यास आशीर्वाद.

मोजलं. सारखी आहेत. आता तो ळ कोणाच्याही बापाला घाबरत नाही. दोन्ही फोटो आरशाशेजारी खिळ्याला अडकवलेत. दूधवाल्याने खुणेने विचारलं, हे काय? मी म्हटलं, भाचीचं काम. त्याने मान डोलावली. त्याला काय कळतंय म्हणा, पण डोलावली.

तुला हसू येईल, पण मीही जुन्या वर्तमानपत्रांवर तसली सुजलेली अक्षरं काढून बघतोय. माझा हात दोन वर्षांपासून थरथरतो, तुला सांगितलं नव्हतं. सरळ अक्षर काढलं की थरथर लगेच दिसते आणि मी कागद चुरगाळतो. या फुगीर अक्षरांत ती दिसत नाही. त्यामुळे रोज एक काढतो. कालचा ठ बरा जमला.

आणखी फोटो पाठव.

मामा


१० नोव्हेंबर

चि. भोपळ्यास आशीर्वाद.

महिना होत आला, पत्र नाही. मागच्या पत्रात हात थरथरतो असं लिहिलं म्हणून घाबरलीस का? म्हाताऱ्यांचे हात थरथरतातच, त्यात बातमी काही नाही. की भिंती इतक्या वाढल्या की मामाला दोन ओळी लिहायला सवड नाही? पोस्टमन आता मला लांबूनच हात हलवून नाही म्हणतो, इतका मी त्याच्या वाटेवर उभा असतो.

मामा


१८ नोव्हेंबर

मामा,

मी ठीक आहे. काम खूप होतं.

ते दोन्ही फोटो आरशाजवळून काढा. जाळून टाका. माझ्या मोबाइलवरचे मी पुसलेत. भिंती मी सोडल्या आहेत. या विषयावर पुन्हा लिहू नका.

भाची


२६ नोव्हेंबर

चि. भोपळ्यास आशीर्वाद.

समजलो. मालकाला पत्ता लागला, बरोबर? आणि त्याने चार शब्द सुनावले. सुनावू दे. त्याच्या दुकानात हाताने रेघ मारता येणारं दुसरं कोण आहे? पोलिसांनी पकडलं असेल तर तसं लिही, मी ओळखीच्या वकिलाला पत्र टाकतो. त्याची पाटी मी रंगवली होती, दोनदा, कारण पहिल्या खेपेला तो स्वतःच्या पदवीचं स्पेलिंग चुकला होता.

पण रागाच्या भरात फोटो जाळ म्हणतेस ते मी काही करणार नाही. मन लावून केलेलं काम आहे. उद्या तुलाच हवंसं वाटेल.

मामा


५ डिसेंबर

मामा,

तुम्ही ऐकणार नाही असं दिसतंय, म्हणून सगळं लिहिते. बसून वाचा.

माझ्या भिंतीपाशी एक माणूस मेला. महापालिकेच्या भिंती धुणाऱ्या टोळीतला होता. सत्तावीस ऑक्टोबरला, सकाळी अकराच्या सुमारास.

त्या भिंतीत एक लोखंडी पेटी आहे. भिंतीच्या पातळीत बसवलेली आणि भिंतीच्याच रंगाची, त्यामुळे चटकन दिसत नाही. आत विजेच्या तारा आहेत. पेटीच्या दारावर पत्र्याची पाटी आहे. तुम्ही ज्याला चिटोरं म्हणालात ती ही पाटी. तुम्हाला ते माहीत नव्हतं, मला होतं. मी ती पाटी वाचली होती, मामा. दोन्ही रविवारी वाचली होती. ‘धोका. आत वीज. पाणी मारू नये.’ पहिल्यांदा म्हणूनच अक्षर आत घेतलं होतं. दुसऱ्यांदा मनात आलं, इथे पाणी मारायला कोण येतंय. आणि पाटीवरून, पेटीवरून रोलर फिरवला.

टोळीचा मुकादम आदल्या दिवशी फिरून भिंतींच्या कोपऱ्यात खडूने खूण करतो. गोल म्हणजे पाण्याने धुवायची, फुली म्हणजे कोरडी घासायची. त्याने माझ्या भिंतीवर गोल काढला. त्याला तिथे माझ्या ळशिवाय काहीच दिसलं नसणार. दुसऱ्या दिवशी तो माणूस टँकरचा पाइप घेऊन आला आणि त्याने मधूनच सुरुवात केली. पाणी पेटीत गेलं. टँकरचा ड्रायव्हर रस्त्याच्या तोंडाशी होता, तो येईपर्यंत सगळं संपलं होतं.

हे मला कसं कळलं ते सांगते. टोळीतले तिघे आमच्या दुकानात आले, त्याच्या फोटोचा बॅनर करून घ्यायला. मशीनवर मीच होते. ओळखपत्रावरचा छोटा फोटो होता, मोठा केल्यावर डोळे अंधुक झाले. मी विचारलं, कसं झालं? त्यांनी सांगितलं, सबस्टेशनच्या मागची भिंत. मी तशीच बसून विचारलं, अक्षरं कुठली घेऊ? त्यांच्यातला एकजण म्हणाला, साधीच घ्या, ताई.

मुकादमाला अटक झाली आहे. तो म्हणतो पाटी रंगाखाली होती. कोणी मानत नाही, कारण पोलीस पोचले तेव्हा पाटी लख्ख दिसत होती. पत्र्यावर डिस्टेंपर धरत नाही हे तुम्हाला मी काय सांगू. त्या माणसाच्या पाण्याने पाटी आधी धुऊन निघाली. शिवाय पेपरातल्या फोटोत ती दिसतेच आहे, आणि अक्षर तिला वळसा घालून गेलंय. उरलेली भिंत दुसऱ्याच दिवशी पांढरी केली. आता पाटी रंगाखाली होती याला पुरावा म्हणाल तर मी तुम्हाला पाठवलेला दुसरा फोटो, तारखेसकट. बाकी कुठे काही नाही.

म्हणून जाळा म्हटलं होतं. आता काय म्हणावं ते मलाच कळत नाही.

भाची


१४ डिसेंबर

बाळ,

तुझं पत्र वाचून मी कितीतरी वेळ पायरीवर बसून होतो.

दोन्ही फोटो काल शेगडीत घातले. राखसुद्धा उरली नाही.

आता मी सांगतो ते ऐक. तू गप्प राहायचं. कोणाला एक अक्षर बोलायचं नाही, कोणाकडे जायचं नाही, त्या रस्त्याने चालायचंही नाही. चूक माझी आहे. मधे काय येतं ते बघू नकोस, असं मी लिहिलं. पाटी रंगवण्यात जन्म गेलेल्या माणसाने पाटी झाकायला सांगितली. याचं काय करायचं ते माझं मी बघीन.

मुकादमाचं म्हणशील तर सुटेल तो. नोकरीतला माणूस आहे, त्याच्या मागे त्याची माणसं उभी राहतील, दोन-चार महिन्यांत बाहेर येईल. तुझ्यामागे कोण आहे? एक बहिरा म्हातारा. माझ्या बहिणीची तू एवढीच निशाणी आहेस. तुला मी तुरुंगात बघू शकणार नाही. एवढं ऐक माझं.

मामा


१९ जानेवारी

मामा,

तुमचं ऐकलं नाही. मुकादमाच्या घरी गेले.

फ्लेक्सच्या दुकानातून आले, बॅनरचं काही राहिलंय, असं काहीतरी खोटं सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत त्यांचे वडील पडून असतात, कमरेपासून खाली हालचाल नाही. मुकादम रोज कामावर जाण्याआधी त्यांना उचलून खुर्चीवर बसवायचे, आंघोळ घालायचे, दाढी करून द्यायचे. आता बायकोला ते वजन पेलत नाही. मी गेले तेव्हा त्या त्यांची चादर बदलत होत्या, तर मी खांद्याखाली हात घालून उचलू लागले. म्हातारबाबांनी मला विचारलं, तो आला का? त्यांना वाटलं मी ऑफिसातून आलेय.

बाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, खूण चुकली असती तर ह्यांनी कबूल केलं असतं, ह्यांना लपवाछपवी जमत नाही. मला तिथे बसवेना. मी लपवाछपवी करूनच त्यांच्या घरात शिरले होते.

तो मुकादम सुटणार नाही, मामा. त्याच्या मागे कोणीही उभं राहिलेलं नाही. ऑफिसवाल्यांना तर बरंच झालंय, एक माणूस सापडला की बाकीचे सुटले.

तुम्ही फोटो खरंच जाळला का? दुसरा, भरलेल्या पोटाचा. तुम्ही रंगाचा वाळलेला डबासुद्धा टाकत नव्हता, म्हणून विचारते. असला तर पाठवा. मी पाया पडते.

भाची


२८ जानेवारी

बाळ,

जाळला म्हणजे जाळला. पुन्हा विचारू नकोस.

त्या घरी जाऊ नकोस. जेवत जा नीट.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

सोमवारी पोलिसांकडे गेले. तुम्हाला आधी कळवलं असतं तर तुम्ही आडवे आला असता.

साहेब चांगले बोलले, हेच जास्त लागलं. मी सगळं सांगितलं. फोटो होता, पण मी पुसून टाकला, एवढंच म्हटलं. तुमचा उल्लेख केला नाही. त्यांनी पेपरातला फोटो काढून समोर ठेवला. ही पाटी, हे तुमचं अक्षर, कुठे झाकलंय? मी म्हटलं, हे आधीचं आहे, नंतर मी पुन्हा गेले. त्यांनी कागद पुढे केला, म्हणाले, काढून दाखवा. मी भोपळा काढला, दोन मिनिटांत, चमकेच्या ठिपक्यासकट. ते कौतुकाने बघत राहिले. म्हणाले, हात छान आहे तुमचा, भिंत तुम्हीच रंगवली असेल हे मान्य. त्याचा दंड होईल. पण मुकादमाच्या घरी तुम्ही जाऊन आलात हे आम्हाला माहीत आहे. घरच्यांनी गळ घातली, तुम्हाला दया आली, असं कोर्टाला वाटेल. पुरावा असेल तर आणा.

तो कागद त्यांनी फाइलीत लावलासुद्धा नाही. चहाच्या कपाखाली ठेवला.

खरं सांगायला गेले आणि खोटारडी ठरून आले. आता काय करू ते तुम्हीच सांगा. तुमच्याशिवाय मी कोणाला विचारू?

भाची


२१ मार्च

मामा,

महिना झाला, तुमचं उत्तर नाही. मुकादमांचे वडील परवा गेले. मुकादमांना शेवटचं बघायलाही सोडलं नाही. अर्ज केला होता, सही व्हायची राहिली.

भाची


९ एप्रिल

बाळ,

पाकिटात पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमधे फोटो आहे. जपून उघड. पत्र रजिस्टर केलंय.

मी जाळला नव्हता. चौदा डिसेंबरचं पत्र लिहायच्या आदल्या दिवशी शेगडी पेटवून बसलो होतो, पहिला फोटो टाकला, तो भुर्रकन गेला. दुसरा हातात धरला आणि टाकवेना. तुझी दया आली म्हणून नव्हे, त्या मुकादमाची तर मुळीच नव्हे. अक्षर चांगलं होतं म्हणून टाकवेना. एक माणूस त्या अक्षरापायी मेला हे कळून चोवीस तास झाले नव्हते, आणि मी दोन्ही पोटं सारखी आलीत हे बघत होतो. याची लाज मला आता वाटते, तेव्हा वाटली नाही. आरशाच्या मागे खुपसून ठेवला आणि तुला जाळला म्हणून लिहिलं.

तू जानेवारीत मागितलास, तेव्हा तो मी बाहेर काढला होता. पाकिटावर तुझा पत्ताही घातला. मग तुला कोठडीत बसलेलं डोळ्यांसमोर आणलं आणि परत आत ठेवला. फेब्रुवारीत तुझ्यावर विश्वास बसला नाही हे वाचलं आणि, बाळ, मला हायसं वाटलं. देवासमोर सांगतो, हायसं वाटलं. पोरगी खरंही बोलली आणि वाचलीही, असं मनाला सांगत महिनाभर गप्प बसलो.

तुझ्या चार ओळी आल्यावर नाही बसवलं. माझी दाढी आता शेजारचा न्हावी करतो, हात थरथरतो म्हणून. परवा तो वस्तरा घेऊन समोर बसला आणि मी उठून निघून आलो.

फोटो घेऊन जा साहेबांकडे. कोपऱ्यातली तारीख नीट शाबूत आहे. मी येतो. मला ऐकू येत नाही, पण विचारतील ते लिहून घेईन आणि लिहून देईन, की भरायला मी सांगितलं आणि लपवलाही मीच. तिकीट कधीचं काढू ते कळव.

मामा


२ जुलै

मामा,

इथे तुरुंगात पत्रं उघडून वाचूनच बाहेर पाठवतात, तेव्हा हे मी हातोहात पाठवते आहे. आमच्या मालकांची बहीण मला भेटायला येते, तिच्यापाशी देईन. मालक स्वतः येत नाहीत.

तुमची एप्रिलपासूनची चारही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण बसले की नुसता राग यायचा आणि तो कागदावर उतरवावासा वाटत नव्हता. आता थोडं लिहिते.

फोटो मानला गेला. साहेबांना मी एवढंच सांगितलं होतं, की छापलेली एक प्रत सापडली. आमच्या मशीनच्या नोंदीतही त्या तारखेची छपाई निघाली. गेल्या गुरुवारी मुकादमांना सोडलं. माझ्यावरचा खटला पुढच्या महिन्यात उभा राहील, वकील म्हणतात, पाच वर्षं धरून चालायचं. इथे आम्ही अकराजणी एका खोलीत आहोत. काम शिवणाचं आहे, खोळी शिवतो. त्याच्याबद्दल तक्रार नाही.

गुरुवारी कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर मला बसवलं होतं, शेजारी पोलीस बाई. मुकादम कागदावर सही करून बाहेर आले. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं ते थोराड असतील. ते माझ्याएवढेच आहेत उंचीला, आणि शर्ट अंगात लोंबत होता. त्यांनी पोलीस बाईंना विचारलं, बोलू का? आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

म्हणाले, “भरायला किती वेळ लागला?”

मी म्हटलं, “वीस मिनिटं.”

“पाटी वाचली होतीस?”

“हो.”

मग म्हणाले, “मी त्या भिंतीपाशी दोनदा गेलो होतो. एकदा सकाळी, एकदा जेवणानंतर. मला वाटायला लागलं होतं की पाटी होती, मलाच दिसली नाही. आतमधे सगळे तेच म्हणायचे. शेवटी शेवटी मीही मानलं.”

मेलेल्या माणसाचं नाव त्यांनी घेतलं, त्याच्याबद्दल थोडं सांगितलं. तो पाइप धरताना नेहमी खांद्यावरून घ्यायचा, असं काहीतरी. मग विचारलं, “आणि हा फोटो? इतके दिवस कुठे होता?”

मामा, तुम्ही पत्रात लिहिलंत की सगळं सांग, माझं नाव घे. तसं सांगायला मी तोंड उघडलं होतं. त्यांच्याकडे पाहिलं आणि तुम्ही डोळ्यांसमोर आलात, पायरीवर बसलेले. मी म्हटलं, “माझ्याकडेच होता. दाखवायची भीती वाटत होती.”

“मार्चमधेसुद्धा?”

“हो. मार्चमधेसुद्धा.”

ते उठले. मला वाटलं मारतील, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते जिना उतरून गेले. खाली त्यांची बायको उभी होती, तिने वर एकदा पाहिलं.

तेव्हा तुम्ही इकडे यायचं नाही. फोटोबद्दल तुम्हाला काही माहीत नाही. कोणी विचारायला आलंच, तर ऐकू येत नाही म्हणा, ते फार खोदत नाहीत. एप्रिलमधलं ते पत्र मी फाडून टाकलं आहे. हे वाचून झालं की हेही फाडा, आणि या वेळी खरंच फाडा.

राग अजून गेलेला नाही. जाईल की नाही ते सांगता येत नाही. पत्र मात्र लिहीत राहा, इथे बाकीच्यांना येतात.

भाची